आपत्ती, अफवा आणि आपली पत

(नदीकाठच्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या संयोजकांनी मला दिलेला विषय ‘आपत्ती, समाजमाध्यमे आणि राजकीय ध्रुवीकरण’ असा चांगलाच भारदस्त आहे. जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाकडे हा विषय कसा आला, असे मी त्यांना विचारले. तेव्हा ‘सर, तुम्ही २०१९ च्या पुरात होता ना’, एवढेच उत्तर मिळाले. ते खरे आहे. म्हणून आरंभ तिथूनच करतो.

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात कोयनेचा विसर्ग वाढत होता आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी तासातासाला चढत होते. नेमक्या त्याच आठवड्यात, ५ ऑगस्टला, केंद्र सरकारने काश्मीरविषयक ३७० व्या कलमाचा निर्णय जाहीर केला. दूरचित्रवाणीचे पडदे आणि आपणा सर्वांचे मोबाइल त्या एका विषयाने भरून गेले. आमच्या गल्लीचा एक व्हॉट्सॲप गट आहे. त्यावर दोन दिवस मी आणि आमच्या शेजारचे तात्या हिरिरीने भांडत होतो. तात्या सत्ताधारी पक्षाचे कट्टर समर्थक. माणूस म्हणून लाखमोलाचे. ६ तारखेच्या संध्याकाळी पाटबंधारे खात्यातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला कळवले की, २००५ ची पातळी या वेळी मागे पडेल, तुम्ही घर सोडा. मी तो निरोप जसाच्या तसा गटावर टाकला. दोन मिनिटांत तात्यांचे उत्तर आले : ‘सर, सरकारला बदनाम करायला आता पाणीसुद्धा कामाला लावलेत का?’ त्याखाली चारपाच जणांनी हसरे चेहरे डकवले.

आम्ही त्या रात्री घर सोडले. तात्या आणि काकू राहिले. २००५ साली त्यांच्या उंबऱ्याला पाणी लागले नव्हते, हा त्यांचा आधार. तिसऱ्या दिवशी त्यांना वरच्या मजल्याच्या खिडकीतून होडीत उतरवून घ्यावे लागले. काकूंची रक्तदाबाची औषधे खालच्या मजल्यावर पाण्यात गेली होती. पुढे कित्येक आठवडे त्या अंथरुणाला खिळून होत्या. पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले.

तात्यांना मी दोष देत नाही, आणि ही शालीनता नव्हे. माझा निरोप खरा होता, वेळेवर होता, जाणकाराकडून आलेला होता. तो फुकट गेला तो पाठवणाऱ्यामुळे. त्या गटावर मी पाच वर्षे जे जे टाकत आलो होतो, त्यातले निम्मे मी स्वतः पडताळून पाहिलेले नव्हते. ते माझ्या मताला सोयीचे होते, एवढीच त्याची पात्रता. मराठीत ‘पत’ हा शब्द पेढीवरही चालतो आणि समाजातही. माझी पत मी आधीच खर्चून बसलो होतो. ऐन गरजेच्या दिवशी ती वटली नाही. आज मला जे सांगायचे आहे ते याच एका गोष्टीविषयी आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपत्ती म्हटले की अमर्त्य सेन आठवतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात माणसे मेली ती केवळ धान्य नव्हते म्हणून मेली नाहीत. धान्यावर हक्क सांगण्याची ऐपत गेली म्हणून मेली, हे त्यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवून दिले. पुढे त्यांनी असे प्रतिपादन केले की, जिथे निवडणुका होतात आणि वृत्तपत्रांवर बंधने नाहीत, अशा देशात लाखो माणसे भुकेने मरण्याची वेळ येत नाही. कारण बातमी छापून येते, सरकारला निवडणुकीचे भय वाटते आणि यंत्रणा हलते. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली भारतातल्या सोळा राज्यांची १९५८ ते १९९२ या काळातली आकडेवारी तपासली. ज्या राज्यांत वृत्तपत्रांचा खप अधिक, तिथली सरकारे आपत्तीत धान्यवाटपाला आणि मदतीला अधिक लवकर प्रवृत्त होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातही प्रभाव दिसला तो देशी भाषांतल्या पत्रांचा, इंग्रजी पत्रांचा नव्हे. ही गोष्ट मी वर्गात नेहमीच काहीशा अभिमानाने सांगत असे.

महाराष्ट्राला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा मला आठवतात. त्या दुष्काळाच्या ऐन भरात सरकारी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. मोर्चे निघत होते, घेराव होत होते, मजुरी थकल्याच्या तक्रारी तहसील कचेरीत आणि वर्तमानपत्रांत एकाच दिवशी पोचत होत्या. परंतु त्या काळाचे एक वैशिष्ट्य आपण विसरतो. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे हे सत्ताधारी काँग्रेसचे, आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. ती कल्पना रस्त्यावर लढवली विरोधकांनी. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मजूर उपाशी आहे, ही वस्तुस्थिती दोन्ही बाजूंना मान्य होती. भांडण उपायाविषयी होते.

सेन यांच्या मांडणीत ही एक गोष्ट अध्याहृत आहे. सरकारला बातमीचे भय केव्हा वाटते? आपल्याला मत देणारा माणूसही त्या बातमीवर विश्वास ठेवील, अशी धास्ती असते तेव्हा. विरोधकांचा मतदार तर आधीच गेलेला असतो. त्याच्या संतापाने कोणत्याही मुख्यमंत्र्याची झोप उडत नाही. आता अशी कल्पना करा की, सत्ताधाऱ्यांच्या मतदाराने निश्चयच केला आहे की पलीकडून येणारी प्रत्येक बातमी ही बदनामी. मग बातमी कितीही छापा, कितीही पसरवा, सरकारच्या अंगाला ती लागत नाही. आणि उलट बाजूने, सरकारने दिलेली सूचना कितीही खरी असो, विरोधकांच्या गटात ती अपयश झाकण्याची युक्ती ठरते. वृत्तपत्रे बंद न करता, कोणाला तुरुंगात न घालता लोकशाहीतली ही सर्वांत उपयोगी साखळी तुटते. ध्रुवीकरणाने होणारे हे नुकसान मला जातीय विद्वेषाइतकेच गंभीर वाटते.

पुन्हा सांगलीकडे येतो. त्याच पुरात एका मंत्र्यांची होडीतून हात हलवतानाची चित्रफीत पसरली. मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर मुख्यमंत्र्यांची आणि स्थानिक आमदारांची छायाचित्रे चिकटवलेली दिसली. संताप झाला, तो रास्तच होता. पण त्याच आठवड्यात एक शासकीय आदेशही निघाला होता. घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असेल तरच दहा किलो तांदूळ आणि दहा किलो गहू, असा तो हिशेब. दीड दिवस पाण्यात राहिलेल्या चुलीवर काय शिजवायचे, हा प्रश्न त्या हसऱ्या चित्रफितीपेक्षा शतपटींनी महत्त्वाचा होता. वृत्तपत्रांनी तो मांडलाही. आमच्या गटांवर मात्र चित्रफीत शंभर वेळा आली आणि आदेशाचा कागद दोन वेळा. चित्रफितीने आपल्याला जो आनंद दिला तो कागद देऊ शकत नव्हता. आनंद हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. प्रतिपक्षाची चूक सापडली की आपल्याला आनंद होतो आणि त्या आनंदात बुडालेला माणूस दिसेनासा होतो. अलमट्टीचेही तसेच. पुराचे खापर कोणी शेजारच्या राज्यावर फोडले, कोणी आपल्या सरकारच्या ढिलाईवर. वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीचा फुगवटा हे या पुराचे कारण मानले नाही. तोवर कोणालाच ते वाचण्याची गरज उरली नव्हती. ज्याचे त्याचे मत केव्हाच ठरले होते.

एक वर्ष आधी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळात या साधनाची दोन्ही रूपे दिसली. तरुण तंत्रज्ञांनी राज्य सरकारच्या साहाय्याने एक संकेतस्थळ उभे केले. अडकलेल्यांची ठिकाणे त्यावर नोंदवली जाऊ लागली. समाजमाध्यमांवरच्या हाकांना ओ देऊन किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून निघाले. सरकारी हिशेबाप्रमाणे चार हजारांहून अधिक मच्छीमारांनी सुमारे पासष्ट हजार माणसे बाहेर काढली. विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकलेल्या कोणालाही इतके कार्यक्षम वाटप योजता आले नसते.

आणि त्याच दिवसांत, त्याच साधनावरून, मुल्लपेरियार धरण फुटत असल्याचा ध्वनिसंदेश फिरला. सैनिकी गणवेशातला एक इसम राज्य सरकारवर आरोप करीत असल्याची चित्रफीत फिरली. हा तोतया आहे, असे भारतीय सेनेला जाहीर करावे लागले. केरळचे लोक श्रीमंत आहेत, त्यांना पैसे पाठवू नका, असेही संदेश आले. रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळावर नुकत्याच नेमल्या गेलेल्या एका सदस्यांनी पुराचा संबंध शबरीमलाच्या खटल्याशी आहे का, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. दुसऱ्या बाजूनेही कमी झाले नाही. संयुक्त अरब अमिरातीकडून सातशे कोटी रुपये मिळणार, ही गोष्ट मुख्यमंत्र्यांच्या निवेदनातून निघाली आणि केंद्राने ती रक्कम नाकारली म्हणून आपल्या लोकांनी आकाशपाताळ एक केले. दोन-तीन दिवसांत अमिरातीच्या राजदूतांनी सांगितले की, असा कोणताही आकडा अधिकृतपणे ठरलेला नाही. परदेशी सरकारांची मदत घ्यावी की नाही, हा धोरणाचा खरा प्रश्न होता. तो त्या आकड्याखाली दबला.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत २०१७ साली इर्मा हे चक्रीवादळ फ्लोरिडावर येत असताना रेडिओवरच्या एका लोकप्रिय उजव्या निवेदकाने वादळाच्या बातम्यांमागे हेतू असल्याचे श्रोत्यांना सुचवले. पुढे काही संशोधकांनी मोबाइलच्या ठावठिकाण्यांवरून कोण घर सोडून गेले याचा अभ्यास केला. ट्रम्प यांना मत देणाऱ्या वस्त्यांतले लोक घर सोडण्यात इतरांहून दहा-अकरा टक्क्यांनी मागे राहिले. आमचे तात्या तिथेही होते, असे म्हणायला हरकत नाही. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातली डोंगराळ गावे उद्ध्वस्त केली, तेव्हा अफवा उठली की सरकार प्रत्येक कुटुंबाला केवळ ७५० डॉलर देणार आहे, बाकीचा पैसा स्थलांतरितांवर उधळला आहे. वस्तुतः ती रक्कम तातडीच्या गरजांसाठीचा पहिला हप्ता होती. पुढची मदत वेगळी. मदत कर्मचाऱ्यांना धमक्या आल्या, एका सशस्त्र माणसाला अटक झाली आणि घरोघर जाण्याचे काम काही काळ आवरते घ्यावे लागले. पुढच्याच महिन्यात फ्लोरिडात त्याच केंद्रीय यंत्रणेच्या एका अधिकारी बाईंनी ट्रम्प यांच्या पाट्या लावलेली घरे वगळा, असे हाताखालच्यांना सांगितल्याचे उघड झाले. त्यांना बडतर्फ करण्यात आले, हे ठीकच. पण विषाला बाजू नसते याचे याहून स्पष्ट उदाहरण नको.

या सगळ्यात एक छोटी घटना मला मोलाची वाटते. त्या डोंगराळ भागाचे लोकप्रतिनिधी चक एडवर्ड्स हे रिपब्लिकन पक्षाचे, म्हणजे अफवा ज्या पक्षाला सोयीच्या होत्या त्याच पक्षाचे. निवडणूक महिन्यावर आलेली असताना त्यांनी एक लांबलचक पत्रक काढून एकेक अफवा नावानिशी खोटी ठरवली. तेच पत्रक डेमोक्रॅटिक पक्षाने काढले असते तर ते कोणी वाचलेही नसते. खोट्याचे खंडन ज्याच्या सोयीचे ते खोटे आहे त्यानेच करावे लागते. विरोधकाने केलेले खंडन हा त्याच भांडणाचा पुढचा अंक होतो.

आपल्या परंपरेत याचे एक थोर उदाहरण आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर हरकत घेतली : निसर्गाच्या घटनेला नैतिक कारण जोडणे हे अविवेकाला बळ देणे आहे. गांधीजींनी काय केले? ती हरकत त्यांनी आपल्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात छापली आणि सोबत आपले उत्तर दिले. माझ्या मते त्या वादात रवींद्रनाथ बरोबर होते. परंतु दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. गांधीजींच्या विधानात पापी कोण, तर ‘आपण’, ते स्वतः धरून सारे सवर्ण. केरळच्या पुराला शबरीमला आठवणाऱ्यांच्या विधानात पापी नेहमीच ‘ते’ असतात. आणि आपल्याच नेत्याला चुकीचे ठरवणारा मजकूर आपल्याच पत्रात छापण्याचे धैर्य. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गटावर ‘कालचा माझा संदेश चुकीचा होता’ असे लिहिले आहे?

आता कोणी म्हणेल, मग सरकारनेच या माध्यमांना आवर घालावा. याला माझा स्पष्ट विरोध आहे. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत लोक प्राणवायूसाठी समाजमाध्यमांवर हाका मारीत होते. उत्तर प्रदेशात अमेठीला आपल्या आजोबांसाठी अशी हाक मारणाऱ्या तरुणावर पोलिसांनी अफवा पसरवल्याचा गुन्हा नोंदवला. ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले की, नागरिकांनी आपली गाऱ्हाणी मांडली म्हणून त्यांच्यावर कारवाई केल्यास तो न्यायालयाचा अवमान समजू. आपत्तीत पहिली खरी बातमी ही पुष्कळदा सरकारी दृष्टीने अफवाच असते. तिच्यावर शिक्का मारण्याचा अधिकार ज्याच्या नाकर्तेपणाची ती बातमी आहे त्याच्याच हाती देणे, म्हणजे सेन यांची साखळी स्वतःच्या हाताने तोडणे होय.

तेव्हा प्रश्न फिरून आपल्यापाशी येतो. आणि इथे मला माझा दुसरा अपराध सांगितला पाहिजे. ८ ऑगस्ट २०१९ ला मिरजेत नातलगांकडे असताना मला एक संदेश आला : अमुक गावात तीन दिवस अन्नपाणी नाही, सरकारची एकही होडी आलेली नाही. तो मी पन्नासएक लोकांना पाठवला. सरकारची एकही होडी आलेली नाही, या वाक्याने मला भुरळ घातली हे आज कबूल करतो. संदेशावर तारीख नव्हती, पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. तो लिहिला गेला त्या दिवशी खराही असेल. परंतु ११ तारखेला पुण्याहून मदतीच्या गाड्या त्या गावात पोचल्या तेव्हा तिथे पावाच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या थप्प्या लागलेल्या होत्या, आणि तिथून तीनचार मैलांवरच्या वस्तीत लोक पिण्याच्या पाण्यासाठी थांबले होते. त्या वस्तीचा संदेश कोणी लिहिला नव्हता. तिथे कोणत्याच पक्षाचा माणूस नव्हता. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली, तेव्हा तोच संदेश, तेच गाव, तेच वाक्य, माझ्या मोबाइलवर परत आले. पाठवणारे गृहस्थ आपल्यातलेच आहेत आणि आज समोर बसले आहेत. मी त्यांना दूरध्वनी केला, तर म्हणाले, ‘सर, मागे तुम्हीच पाठवला होता, म्हणून जपून ठेवला.’

आपत्तीत निरोप हा मदतीचाच माल असतो. त्याची नासाडी होते, तो एकीकडे साठतो आणि दुसरीकडे त्याची टंचाई पडते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की, चांगला आणि वाईट माल ग्राहकाला ओळखता येत नसेल तर चांगल्या मालाचा विक्रेताच बाजार सोडून जातो. आपल्या गटांवर तेच चालले आहे. दहा ठिकाणी विचारून मग एक ओळ लिहिणारा माणूस गप्प बसला आहे. संदेश किती जणांना पुढे पाठवता येईल यावर व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात आणि २०२० मध्ये आणखी कडक बंधन घातले. त्याने वेग थोडा कमी झाला. माल तोच राहिला.

मला सुचते ते अगदी साधे आहे. पुराच्या दिवसांत तारीख, वेळ, ठिकाण आणि लिहिणाऱ्याचे नाव नसलेला कोणताही निरोप आपल्या कार्यकर्त्याने पुढे पाठवू नये, मग तो सरकारला कितीही झोंबणारा असो. गरज भागली की ‘भागली’ असा दुसरा निरोप त्याच वाटेने गेला पाहिजे; आज तो कधीच जात नाही. टीका अवश्य करावी, त्याच दिवशी करावी. पण ती आदेशाचा क्रमांक, रेशनच्या पिशवीतले वजन, होडीतल्या माणसांची संख्या अशा गोष्टींवर उभी असावी. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला होडी उलटून माणसे बुडाली. गावात पुरेशा होड्या का नव्हत्या, हा प्रश्न तात्यांनाही पटला होता. तो त्यांनी स्वतः त्यांच्या पक्षाच्या गटावर विचारला, आणि तिथे त्यांना मिळालेली उत्तरे त्यांनी मला नंतर दाखवली. ती मी इथे सांगत नाही.

शेवटची सूचना काहींना रुचणार नाही. नदीकाठच्या प्रत्येक गावासाठी आपण दोन नावे ठरवावीत : एक आपला कार्यकर्ता, आणि दुसरा आपल्या विरुद्ध मताचा, पण गाव ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवते असा माणूस. पाण्याच्या पातळीचा आणि गरजांचा निरोप दोघांनी एकमेकांना विचारून, दोघांच्या नावानिशी पाठवावा. आमच्या गल्लीपुरते हे काम तात्यांनी आणि मी २०२१ साली केले. त्या वेळी पाण्याची पातळी सांगणाऱ्या निरोपाखाली कोणी हसरा चेहरा टाकला नाही, आणि सगळी गल्ली वेळेत रिकामी झाली. त्यानंतर आठवड्याने आम्ही दोघे पेट्रोलच्या दरावरून पूर्ववत भांडू लागलो.

गावांची यादी सचिवांकडे तयार आहे. आपापल्या गावापुढे दोन्ही नावे आणि दूरध्वनी क्रमांक लिहून ती यादी संध्याकाळच्या सत्रापूर्वी परत द्यावी. दुसरे नाव लिहिण्यापूर्वी त्या गृहस्थांना विचारायला विसरू नका.